मूग निघाला, आता रिकाम्या रानाचे काय?

गणपती उठायला आले. मूग-उडीद घरात येऊन पडला आणि ज्या रानातून तो निघाला तिथे आता तण माजू लागले आहे. बागायती कपाशीची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास, कोरडवाहूची दिवाळीच्या तोंडावर. तोपर्यंत लहान शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते, आणि नेमके याच दिवसांत हरभऱ्याचे बियाणे, गव्हाचे खत, मुलांची फी, दिवाळीचा किराणा असे सगळे एकदम उभे राहते. उधारीच्या वहीत नाव चढते ते याच महिना-दीड महिन्यात. म्हणून मुगाच्या रिकाम्या रानात अर्धा-एक एकर भाजीपाला करावा, आठवड्याच्या बाजाराला चार पैसे यावेत, हा विचार अगदी बरोबर आहे. विचार बरोबर असतो, पण आखणी नसते. रान मोकळे झाले, शेजाऱ्याने टमाट्याची रोपे आणली, म्हणून आपणही आणली, अशी आपली लागवड.

त्याचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. भाद्रपदाच्या शेवटी सगळ्या गावाने एकाच आठवड्यात रोप लावले की मार्गशीर्षात सगळ्या गावाचा माल एकाच दिवशी बाजार समितीच्या ओट्यावर उतरतो. जळगाव काय, धुळे काय, चाळीसगाव काय, सगळीकडे तेच. भाव उतरला की कॅरेटचे भाडे, हमाली आणि गाडीभाडे जाऊन हाती काय उरते याचा हिशोब सांगायला नको. त्या वेळी व्यापाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. तो दोष सप्टेंबरातला असतो, दिसतो डिसेंबरात.

भाजीपाल्याच्या आखणीत पहिला प्रश्न कोणते पीक हा नाही. पहिला प्रश्न विहिरीचा. आज विहीर तुडुंब आहे, हात घातला तर पाणी लागते, म्हणून माणूस फसतो. मागच्या वर्षी संक्रांतीला ती किती तास चालत होती, हे आठवा. एक साधा हिशोब मांडतो. समजा, कार्तिकात मोटार रोज तीन तास चालते आणि तुमचा एक एकर भिजायला नऊ तास लागतात. आठ दिवसांच्या पाळीत चोवीस तास पाणी मिळाले, म्हणजे अडीच एकर भिजेल. पण माघात तीच मोटार एक तासावर आली तर आठ दिवसांत आठ तास, म्हणजे पुरता एकरही भिजणार नाही. आता त्या अडीच एकरांत तुम्ही मार्चपर्यंत पाणी मागणारे पीक लावून बसला असाल तर काय होणार? अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या कमी पावसाच्या पट्ट्यात तर हा हिशोब बांधावर बसून, काडीने मातीत का होईना, मांडल्याशिवाय रोप टाकूच नये. तापीकाठच्या रावेर-यावलच्या बागायतदाराची गोष्ट वेगळी. त्याचे बघून कोरडवाहूवाल्याने चालू नये.

या हिशोबात कांदा नीट बसतो, पण कोणता कांदा ते ठरवावे लागते. रांगड्याचे रोप ऑगस्ट-सप्टेंबरात टाकायचे, सहा-सात आठवड्यांनी लावायचे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो निघतो. म्हणजे विहीर तळाला जाण्याआधी तो मोकळा होतो. उन्हाळी कांद्याला एप्रिलपर्यंत पाणी लागते. ज्यांच्याकडे जानेवारीनंतर पाण्याची खात्री नाही त्यांनी रांगडाच धरावा. वाण मात्र त्या हंगामाचे हवे: राहुरी विद्यापीठाचे बसवंत-७८० किंवा फुले समर्थ चालेल. एन-२-४-१ हा रब्बीचा वाण. बी घरात उरले आहे म्हणून तो आता टाकला तर डेंगळे आणि जोडकांदे काढत बसावे लागते. एकरी तीन ते चार किलो बी आणि त्यासाठी चार-पाच गुंठ्यांची रोपवाटिका धरा.

रांगड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो टिकत नाही. उन्हाळी कांद्यासारखा चाळीत ठेवून भावाची वाट बघता येत नाही, निघाला की विकावा लागतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा सर्वात जास्त मार बसला तो लाल आणि रांगडा कांदा बाजारात आणणाऱ्यांना, कारण त्यांना थांबण्याची सोयच नव्हती. बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोपर्यंत रांगडा संपून उन्हाळी कांदा बाजारात आला होता. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले होतेच. दिल्लीत काय ठरेल ते आपल्या हातात नाही. सगळे रान कांद्याखाली घालायचे की त्यातले निम्मेच, हे मात्र आपल्या हातात आहे. आमचे मत विचाराल तर निम्म्याच्या वर जाऊ नये.

फुलकोबीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तक्रारी सर्वात जास्त तिच्याच येतात. “साहेब, पाला गुडघाभर झाला पण गड्डा धरत नाही,” किंवा उलट, “सुपारीएवढा गड्डा धरून बसली.” बियाणे बोगस होते असे आपण म्हणून टाकतो. कधी ते असतेही. पण बहुतेक वेळा वाण आणि महिना यांचा मेळ चुकलेला असतो. फुलकोबीचा गड्डा थंडीच्या हिशोबाने धरतो. लवकरच्या वाणांना थोडी थंडी पुरते, स्नोबॉलसारख्या उशिराच्या वाणांना कडक थंडी लागते. स्नोबॉल आता लावला तर उन्हात नुसता पाला वाढतो. पुसा दीपालीसारखा लवकरचा वाण उशिरा, थंडीत लावला तर झाड वाढण्याआधीच बारीक गड्डा धरते. रोप वाफ्यात जास्त दिवस राहून निबर झाले तरी हेच होते. शिवाय पाकिटावर छापलेले वेळापत्रक पुष्कळदा उत्तर हिंदुस्थानचे असते. पंजाब, उत्तर प्रदेशात ऑक्टोबरात रात्री गार होतात. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारचा पारा पस्तीसच्या आसपास असतो. तिकडचा महिना इकडे चालत नाही. दुकानदाराला “चांगले बी द्या” असे न म्हणता “चित्रा नक्षत्रात लावायचे आहे, त्याला चालेल असे द्या” असे विचारा.

वाटाण्याचे एका वाक्यात सांगायचे तर दिवाळीच्या आत घाई नको, आणि पुढे मध्य प्रदेशातून गाड्या येतात तेव्हा भाव त्यांच्या हातात जातो हे धरून चाला.

वांग्याची गोष्ट आपल्या मातीतली आहे. बामणोद, आसोदा या भागातल्या हिरव्या, पांढऱ्या रेघांच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चातुर्मासात पुष्कळ घरांत वांगे वर्ज्य असते, ते कार्तिकी एकादशीनंतर सुरू होते, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याशिवाय खंडोबाचा नैवेद्य होत नाही. थंडी पडली की मळ्यामळ्यात भरताच्या पार्ट्या. इतका ठरलेला गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या भाजीला आहे? ज्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावले त्यांची झाडे आता फुलावर आहेत. आता लावणाऱ्याला चंपाषष्ठी साधणार नाही, पण पौष-माघातले भरीत साधेल. मात्र शेजारच्या रानात दुसरे वांगे असेल तर त्या फळाचे बी धरू नका, दोन-तीन वर्षांत भरताची जात बिघडते.

टमाटा लावणाऱ्यांनी कपाशीकडे बघावे. या दिवसांत कपाशीवर पांढरी माशी असते आणि ती शेजारच्या टमाट्यावर, भेंडीवर उतरते. टमाट्याचा पानगुंडी रोग आणि भेंडीचा हळद्या तीच आणते. रोप झाल्यावर फवारण्या करण्यापेक्षा वाफ्यावर बारीक विणीची नायलॉन जाळी टाकणे स्वस्त पडते. टमाट्याच्या कडेने मक्याच्या दोन ओळी पंधरा-वीस दिवस आधी पेरल्या तर आणखी बरे. आणि ज्या पंपाने तणनाशक मारले तो पंप टमाट्यात नेऊ नका, कितीही धुतला तरी.

रोपवाटिकेत उत्तरा-हस्ताच्या पावसाने रोपे कोलमडतात, म्हणून सपाट वाफा नकोच. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा. बियाण्याला किलोला तीन ग्रॅम थायरम चोळा. बी ओळीत टाका, पाणी झारीने द्या. मर दिसताच दहा लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड घालून मुळाशी ओता. तयार रोपे विकत घेणारे आता पुष्कळ आहेत, त्यात वावगे काही नाही. फक्त वाणाचे नाव लिहिलेली पावती मागून घ्या.

मेथी आणि कोथिंबीर ही लहान शेतकऱ्याची खरी रोकड. महिना-सव्वा महिन्यात जुडी बांधता येते. पण सगळा वाफा एकदम पेरू नका. दर आठ-दहा दिवसांनी गुंठा-दोन गुंठे पेरा. पावसाने पालेभाजी सडते तेव्हा बाजारात तिचा भाव चढतो, आणि तो माल त्याच्याकडेच असतो ज्याचा वाफा उंच आहे. मुळ्याचा पुसा चेतकी उन्हात तग धरतो, तो आता चालेल. गाजर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात.

मजुरांचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही. दिवाळीनंतर बाया कपाशी वेचायला जातात, किलोवर पैसे मिळतात. साक्री, चाळीसगावकडची पुष्कळ मंडळी ऊसतोडीला निघून जातात. त्याच वेळी तुमचा एक एकर टमाटा दर तीन दिवसांनी तोडायला आला तर माणूस कुठून आणणार? घरात तोडायला किती हात आहेत तेवढ्याच गुंठ्यांचा टमाटा लावावा. बाकी रानात कांदा टाका, तो एकदाच काढायचा असतो.

आता गावाच्या कारभाऱ्यांसाठी. पांझरा काठी फड पद्धत होती, तिच्या खुणा आजही आहेत. बंधाऱ्याखालचे रान फडांत वाटलेले, एका फडात सर्वांचे एकच पीक, पाणी पाटकरी देणार, राखण जागल्या करणार. कोणत्या फडात काय लावायचे हे सगळे मिळून ठरवत. पाणी पुरावे म्हणून आपले पूर्वज एकत्र बसून पीक ठरवू शकत होते, तर भाव पडू नये म्हणून आपल्याला बसायला काय हरकत आहे? सगळ्यांनी एकच पीक घ्यावे असे नाही, इथे उलट करायचे आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एवढेच लिहा: कोणाच्या वाफ्यात काय, किती, आणि लावणी कधी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा. वीस जणांचा टमाटा दिसला तर पाच-सात जण आपोआप वांग्याकडे किंवा कांद्याकडे वळतील. याला निधी लागत नाही, वरून आदेशही लागत नाही, खडू लागतो. चौघांचा माल एका गाडीत बसला तर सुरतेची वाटही मोकळी आहे.

तलाठी भाऊसाहेबांना (कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झाले, गावात अजून तलाठीच) एक विनंती. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे. पण मूग नोंदवून झालेल्या गटात मागाहून लावलेला भाजीपाला कोणी नोंदवत नाही. मग अवकाळी पावसात कांदा गेला की सातबाऱ्यावर मूग आणि पंचनाम्यात कांदा, असा वाद होतो. मुदत कधी आहे ते दवंडी देऊन कळवावे, आणि ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याची नोंद कोतवालाच्या मदतीने करून घ्यावी.

विक्रीच्या पट्टीबाबतही डोळे उघडे ठेवा. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला तेव्हाच आडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. पट्टीवर आडत कापलेली दिसली तर तिथेच विचारा, आणि कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेऊन घरी येऊ नका. बियाण्याची पावती, रिकामे पाकीट आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार लगेच द्या, कारण पंचनामा उभ्या पिकाचा होतो, मोडलेल्या रानाचा नाही.