अंगठा जुळला नाही, तर?

ओळख पटवणारे कोणतेही यंत्र कधी ना कधी चुकणारच. त्या चुकीची किंमत कोणी मोजायची, हे मात्र यंत्र ठरवत नाही. ते शासन ठरवते.

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारकाला आपण हयात असल्याचे सिद्ध करावे लागते. गेल्या नोव्हेंबरात मीही माझ्या बँकेत गेलो. यंत्रावर आधी उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग तर्जनी. यंत्राने तिन्ही नाकारले. वय वाढते तशा बोटांवरील रेषा झिजतात, हे मला ऐकून ठाऊक होते. स्वतःच्या बोटांवर त्याचा प्रत्यय प्रथमच आला. शाखाधिकाऱ्यांनी मला ओळखले, बसायला खुर्ची दिली, हयातीच्या दाखल्याचा छापील नमुना पुढे केला, आणि पाच मिनिटांत मी हयात ठरलो. माझ्यामागे रांगेत एक वृद्धा होती. तिचाही अंगठा जुळला नाही. तिला ‘उद्या या, बघू’ असे सांगण्यात आले. कागदी दाखल्याची सोय तिलाही होती. फरक एवढाच की मला नियम माहीत होता आणि काउंटरपलीकडच्या माणसाला मी माहीत होतो. तेव्हा मीही काही बोललो नाही. घरी पोहोचल्यावर ही गोष्ट मनाला टोचू लागली आणि अद्याप टोचते आहे. कारण ज्या व्यवस्थेने तिला परत पाठवले ती उभारण्यात माझ्यासारख्यांचाही हात आहे.

बोटांच्या ठशांनी ओळख पटवण्याच्या तंत्राचा इतिहास आपल्याच भूमीत सुरू होतो. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण सनदी अधिकाऱ्याने रस्त्यासाठी माल पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे आपली सही नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, असा धाक बसवणे हा हर्शेल यांचा हेतू होता. १८७७ मध्ये हुगळीचे दंडाधिकारी असताना त्यांनी हेच तंत्र दस्तनोंदणीसाठी आणि निवृत्तिवेतनधारकांसाठी वापरले. मृताच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, ही त्यामागची कल्पना. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांच्या आधारे ओळख पटवणारे कार्यालय सुरू झाले. वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले. १९०१ मध्ये ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली.

या इतिहासातून ध्यानात घ्यायची बाब ही की, ठसा जन्माला आला तो संशयातून. तो संशय सर्वस्वी अनाठायी होता असे नाही. मृतांच्या नावावर पैसे खरोखरच उचलले जात. पण संशयाची दिशा एकच होती. प्रजेने आपण खरे आहोत हे शासनाला पटवायचे. शासनाचे यंत्र खरे आहे काय, हे विचारण्याची सोय प्रजेला नव्हती.

अन्नाच्या बाबतीत हा एकतर्फी संशय किती महाग पडतो, हे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दाखवून दिले. सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यावरून दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रक्कम इतकी खाली आणण्यात आली. कामे मुद्दाम गावापासून दूर ठेवण्याची ‘अंतराची कसोटी’ही लावली गेली. जो खरोखर उपाशी असेल तो चालत येईल, हा त्यामागचा तर्क. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही कामे सोडली, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांच्या बाजूने सरकारकडे दाद मागितली. कसोटीचा दोष तिच्या तर्कातच होता. जो सर्वाधिक अशक्त, तोच चालू शकत नव्हता आणि तोच प्रथम गळत होता. तो गळाला की हजेरीपटावरचा आकडा कमी होई, आणि आकडा कमी झाला की गरज कमी झाली असा अर्थ लावणे सोपे जाई.

आता आजच्या रास्त भाव दुकानाकडे वळू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्याचा हक्क नेला. सुमारे ८१ कोटी माणसे या कायद्याच्या कक्षेत येतात. हा हक्क बजावण्यासाठी आज देशभर ई-पॉस यंत्रावर आधारशी जोडलेला ठसा जुळवावा लागतो. या व्यवस्थेचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. एकाच कुटुंबाच्या दोन-दोन शिधापत्रिका सापडणे सोपे झाले. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे स्थलांतरित मजुराला परराज्यातही आपला वाटा उचलता येतो. २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून तिची सुरुवात झाली, हेही उल्लेखनीय. तंत्रज्ञान गुंडाळून ठेवा आणि जुन्या वहीकडे परत जा, असे मी म्हणणार नाही. त्या वहीत दुकानदार काय काय लिहीत असे, हे मी जिल्ह्यात काम करताना पाहिले आहे.

परंतु कोणतीही छाननी दोन प्रकारे चुकते. अपात्राला धान्य मिळते, ही एक चूक. पात्राला मिळत नाही, ही दुसरी. पहिलीला आपण ‘गळती’ म्हणतो, तिचा हिशेब रुपयांत होतो आणि ती रोखली की ‘बचत’ म्हणून जाहीर होते. दुसरीसाठी मासिक अहवालात रकानाच नसतो. केंद्राच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत आधार पडताळणी अयशस्वी होण्याचे काही राज्यांतील अंदाज दिले होते: झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत सहा टक्के. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्राधिकरणाने मांडलेल्या माहितीनुसारही सरकारी सेवांमधील सुमारे १२ टक्के पडताळण्या अयशस्वी होत होत्या. फसलेला प्रत्येक प्रयत्न म्हणजे उपाशी राहिलेले कुटुंब नव्हे, हे मान्य. दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेला ठसा जुळतोही. पण रोजंदारीवरच्या माणसाला दुसरी खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी असते, आणि ती कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. कुटुंबाचे म्हणणे, ती भुकेने गेली. प्रशासनाचे म्हणणे, हिवतापाने. मृत्यूच्या कारणाचा वाद मिटला नाही. शिधापत्रिका आधारशी जोडलेली नसल्यामुळे कुटुंबाचे नाव यादीतून वगळले गेले होते, ही वस्तुस्थिती मात्र उरते. पुढच्याच महिन्यात केंद्राने राज्यांना कळवले की, केवळ आधार नाही वा ठसा जुळत नाही म्हणून कोणाचेही नाव कमी करू नये वा धान्य नाकारू नये. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आधार कायद्याचे कलम ७ कायम ठेवले, ते पर्यायी ओळखीच्या अशा आश्वासनांची नोंद घेऊनच. म्हणजे कागदावर प्रश्न सुटलेला आहे. तो सुटलेला नाही तो दुकानाच्या उंबऱ्यावर; कारण यंत्र ‘नाही’ म्हणाले की दुकानदाराला ‘नाही’ म्हणणे सर्वांत सुरक्षित असते. धान्य दिले तर त्याची चौकशी होऊ शकते. नाकारले तर होत नाही.

तंत्र तेच असूनही रचना बदलली की परिणाम कसा बदलतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अविभाजित आंध्र प्रदेशातील ठशांवर आधारित स्मार्टकार्डांचा अभ्यास केला. रोजगार हमीची मजुरी लवकर आणि कमी त्रासात मिळू लागली, गळती घटली, आणि बहुसंख्य लाभार्थ्यांना नवी पद्धत आवडली, असे त्यांना आढळले. याच तिघांनी पुढे झारखंडमधील शिधावाटपाचा अभ्यास केला. तेथे ठशाच्या सक्तीने गळती मोजण्याइतकी कमी झाली नाही. लाभार्थ्याचा खर्च मात्र वाढला, आणि ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते त्यांना मिळणारे धान्य घटले. दोन्ही ठिकाणी बोटे गरिबांचीच होती. आंध्रात कार्ड नसलेल्याला जुन्या पद्धतीने पैसे मिळत राहिले. झारखंडात ठशाविना बहुतेकांना मार्गच उरला नाही.

येथे मला माझ्याविषयी सांगितले पाहिजे. सेवेच्या अखेरच्या वर्षांत पूर्व भारतातील एका राज्यात माझ्याकडे अन्नपुरवठ्याचे काम होते. संगणकाने काढलेली ‘संशयित’ शिधापत्रिकांची यादी एके दिवशी माझ्या टेबलावर आली. खाली टिपणी होती: ‘पडताळणी झाली आहे, रद्द करण्यास मान्यता असावी.’ मी मान्यता दिली. पडताळणी म्हणजे कोणी घरी जाऊन आले काय, हे मी विचारले नाही. पुढच्या आढावा बैठकीत रद्द झालेल्या शिधापत्रिकांचा आकडा मी यश म्हणून वाचून दाखवला, आणि माझे कौतुक झाले. काही महिन्यांनी एका तालुक्यातून अर्ज येऊ लागले. ज्यांची नावे ‘बनावट’ म्हणून गेली होती, ती माणसे अर्ज घेऊन दारात उभी होती. त्यांतल्या अनेकांची नावे आम्ही परत घेतली. मधल्या महिन्यांचे धान्य त्यांना परत मिळाले नाही, आणि जे अर्ज करू शकले नाहीत त्यांचे काय झाले, हे मला आजतागायत माहीत नाही.

हे एका अधिकाऱ्याचे वा एका राज्याचे दुर्दैव नव्हे. तेलंगणात सुमारे १९ लाख शिधापत्रिका संगणकीय छाननीतून, कार्डधारकांना नोटीस न देता रद्द झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांची प्रत्यक्ष फेरपडताळणी करण्याचा आदेश द्यावा लागला. आता ठशाच्या जोडीला चेहरा आला आहे. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठीही चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली आहे. यंत्र नवे आहे, पण ते ‘नाही’ म्हणाल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे.

उपाय अवघड नाहीत. बरेचसे कायद्यात आहेतच. पहिला: ठसा वा चेहरा जुळला नाही तर त्याच दिवशी, त्याच दुकानात, शिधापत्रिका आणि पंच म्हणून एखादी शिक्षिका वा ग्रामपंचायत सदस्य यांच्या सहीवर धान्य दिले जावे. अशा वाटपाची नोंद स्वतंत्र ठेवावी आणि दर महिन्याला तिची तपासणी व्हावी. दुसरा: लाभार्थ्याच्या भाषेत लेखी नोटीस, घरभेट आणि अधिकाऱ्याच्या नावासह सकारण आदेश, या तीन गोष्टींवाचून एकही शिधापत्रिका रद्द होऊ नये. संगणकाची यादी हा चौकशीचा आरंभ असावा, निकाल नव्हे. तिसरा: अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ मध्ये हक्काचे धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद आहे. पडताळणी फसून धान्य गेले नाही, अशी नोंद होताच हा भत्ता अर्जाविना खात्यात जमा व्हावा. यंत्राला सगळे कळते, तर एवढेही कळावे. चौथा: दुकानागणिक किती पडताळण्या फसल्या आणि किती कुटुंबांनी त्या महिन्यात धान्य उचललेच नाही, हा आकडा बचतीच्या आकड्याशेजारीच छापला जावा.

माझे जुने सहकारी यावर म्हणतील की, पर्यायी वाट ठेवली की दुकानदार त्याच वाटेने चोरी करतील. काही करतील. परंतु ती चोरी नोंदलेली असेल, सहीनिशी असेल आणि म्हणून पकडता येईल. शिवाय ठशाने जी चोरी थांबते असे आपण मानतो, तिचे मोठे रूप ठशाच्या आवाक्याबाहेरचे आहे. अंगठा पाच किलोंवर उमटवून घ्यायचा आणि मापात चार घालायचे, ही लबाडी यंत्राला दिसत नाही. ती दिसते तराजूकडे पाहणाऱ्या तपासनिसाला, आणि तपासनिसांची पदे कितीतरी जिल्ह्यांत रिकामी पडून असतात.

हर्शेल यांनी पंजाचा ठसा घेतला तेव्हा समोर एक कंत्राटदार होता आणि करार होता. अन्न सुरक्षा कायदा हादेखील करारच आहे, आणि त्यात पुरवठ्याचे वचन शासनाने दिलेले आहे. वचन मोडले गेले तर ते कोणी मोडले, हे सांगणारी सही आता त्या बाजूने हवी. रद्द करण्याच्या प्रत्येक आदेशाखाली एका अधिकाऱ्याचे नाव असते, तर माझ्या टेबलावर आलेली ती यादी मी एकदा तरी परत पाठवली असती. येत्या नोव्हेंबरात मी पुन्हा बँकेत जाईन. या वेळी मागे वळून पाहीन, आणि त्या वृद्धेसाठीही एक छापील नमुना मागून घेईन. पण तिचा हक्क माझ्या शेजारी उभे असण्यावर अवलंबून नसावा.