टॉवर झाले, आपल्या ज्येष्ठांच्या गाठीभेटींचे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे हक्काचे घर मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. सार्वजनिक संडासापुढच्या रांगेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यापुढे चाळीचे गोडवे गाणे आपल्याला शोभणार नाही.

पण त्या चाळीत एक काम आपोआप होत असे. एका मजल्यावर २० खोल्या, मधून एकच लांब पॅसेज, दारे दिवसभर उघडी. आजी उंबरठ्यावर बसली की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जाई. एखादे आजोबा सकाळी दिसले नाहीत तर कोणीतरी आत डोकावे. सुमारे ४० मजली इमारतीत दार लावून घेतले की हे सगळे थांबते. मुलगा-सून कामावर, नातवंडे क्लासला आणि लिफ्टची भीती वाटते म्हणून म्हातारे माणूस घरातच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाचा त्रास आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. (तरुणांमध्येही हे प्रमाण मोठे आहे, हे आपण आपल्यापुरते लक्षात ठेवावे.) सरकारकडून श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळतात, ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे. दोन्ही हवेच. पण माणसांची वाट बघणाऱ्याला माणसे मिळवून देणे कोणत्याही योजनेत बसत नाही.

मग ते काम कोणाचे? १९५६ च्या धम्मदीक्षेला जो १५ वर्षांचा होता, तो आज ८५ च्या घरात आहे. १९७४ ची वरळीची दंगल अंगावर झेललेले पँथर सत्तरी ओलांडून गेले. नामांतराच्या लढ्यात १९७८ ला कॉलेजात असलेले साठीच्या शेवटाला आले. यांच्याशी आपला संबंध उरलाय तो जयंतीपुरता. शाल, पुष्पगुच्छ, पहिल्या रांगेत खुर्ची, आणि माईक हातात दिल्यावर 'वेळेअभावी दोन शब्दांत' अशी चिठ्ठी. हा सत्कार म्हणजे संबंध नव्हे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी फिरकत नव्हते. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले की तो इतरांसाठी काही करत नाही. तथागतांनी आनंदांच्या साथीने त्याला स्वतः धुतले आणि मग संघाला जाब विचारला. आपल्या संघटनांत बैठकीला न येणाऱ्याचे नाव यादीतून कसे गळते, ते आठवून बघा.

ज्येष्ठांना दया नको, काम हवे. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन तीन महिने चालते. दिसते-बोलता येते त्या आजोबांकडे आठवड्यातला एक दिवस वाचन द्या, एक दिवस त्यांच्या घरीच वाचन ठेवा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आणले. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तरी आपल्या आजीने कोणत्या मोर्चात लाठी खाल्ली ते आपल्याला ठाऊक नसते. फक्त रेकॉर्डिंग आटोपून निघून येऊ नका, पुढच्या रविवारी पुन्हा जा. उपासिकांकडे तर आवर्जून जा, कारण सत्काराच्या खुर्चीवरही त्या क्वचितच असतात.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचाही पुनर्विकास होतो आहे. तिथल्या तरुणांनी विहारासाठी आणि बसण्याउठण्यासाठी तळमजल्यावर, पायऱ्या न चढता जाता येईल अशी जागा आत्ताच मागावी. रात्री नऊला सुरू होणारे कार्यक्रम संध्याकाळी पाचला आणावेत. आणि प्रत्येक इमारतीत सत्तरीपुढचे कोण दिवसभर एकटे असते, त्यांच्याकडे कोणत्या वारी कोण जाणार, याचा एक कागद या पौर्णिमेच्या आत विहारात लावावा.