पावती नाही म्हणे!

आमच्या पाड्यातली दोन पोरं बारावी पास. तालुक्याला नोकरी लावून देणारं ऑफिस निघालंय, तिथं गेली. फॉर्मचे पैसे झाले, मग ड्रेसचे. एकाच्या घरची बकरी विकली. ‘सोमवारी या’ म्हणाले. असे पाच सोमवार गेले, एसटीचं भाडं वेगळंच. सहाव्या खेपेला साहेब म्हणतो, जागा भरल्या. पैसे मागितले तर म्हणे पावती दाखवा. पावती दिलीच कधी होती? आणि दाखले अजून त्याच्याच कपाटात.

आम्हाला पैशापेक्षा दाखल्यांचं जास्त लागतं. जातीचा दाखला काढायला किती खेपा होतात ते आपल्याला ठाऊक आहे, आणि जमिनीच्या दाव्यालाही तोच लागतो. अस्सल कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

सरकारी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायला पैसा पडत नाही. कायद्याने सरकारी खात्यांनी रिकाम्या जागा तिथं कळवायच्या असतात. पण तिथून बोलावणं येतंय कुठं? म्हणून असल्या दुकानांचं फावतं. पोरांना भोळी म्हणून कुणी हसू नये.

येत्या सोमवारी आम्ही पाड्यातले सगळे त्या ऑफिसात दाखले मागायला जाणार आहोत. पहिल्या एसटीने या.