वेगवान मोटार आणि तेलाचा दाटपणा

मोटार जितकी वेगवान, तितके तिचे तेल दाट असावे, असा समज वाहनप्रेमी मंडळींत दृढ झालेला आढळतो. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे; कारण चुकीच्या तेलाची किंमत अखेरीस इंजिनाला मोजावी लागते.

इंजिनातील क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगांत फिरतो, तो तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ साली गणिताने दाखवून दिले की, फिरणारा दांडा निमुळत्या फटीत तेल ओढून घेतो आणि तेथे निर्माण झालेला दाबच त्याला उचलून धरतो. तेल फार पातळ असेल तर भाराखाली हा थर तुटतो व धातूवर धातू घासतो. फार दाट असेल तर इंजिन सुरू होताच ते दूरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि त्याच्या अंतर्गत घर्षणात शक्ती वाया जाते. दाबमापकाचा काटा वर चढला म्हणजे तेल पुरेसे वाहत आहे, असे मात्र नव्हे.

दाटपणाला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. डब्यावरील ‘५डब्ल्यू-४०’ या खुणेत तिची दोन मापे असतात. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचे निदर्शक अक्षर होय. ५डब्ल्यू तेलाची थंडीतील परीक्षा उणे ३० अंश सेल्सिअसला घेतात. ४० या आकड्याचा अर्थ असा की, १०० अंशांवर त्याची श्यानता १२.५ ते १६.३ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद या मर्यादेत असते. ३० क्रमांकाच्या तेलाची मर्यादा ९.३ ते १२.५ आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूर येथे हिवाळा सौम्य असतो. तेथे पाणी गोठविणारी थंडी पडत नाही. म्हणून पहिल्या आकड्याची फार चिंता नको. परंतु पहाटेचे गार तेल तापलेल्या तेलापेक्षा कितीतरी पट दाट असते, हे तेथेही खरेच. उरला दुसरा आकडा. तो हवेच्या नव्हे, तर तेलाच्या तापमानावरून ठरवावयाचा असतो. शहराच्या कोंडीत रखडणारी मोटार आणि कोइमतूरच्या करी मोटार स्पीडवेवर धावणारी तीच मोटार, यांच्या तेलाची उष्णता सारखी नसते.

यास्तव रस्त्यावर वापरावयाच्या मोटारीत निर्मात्याच्या पुस्तिकेतील क्रमांकच घालावा. बेअरिंगांतील फटी व पंप यांची आखणी त्याच तेलाला धरून केलेली असते. शर्यतीच्या मार्गावर तेल सतत फार तापते, असे तापमापकाने दाखविले आणि पुस्तिकेची अनुज्ञा असली, तरच एक पायरी दाट तेल घेणे इष्ट. वंगणाची निवड ऐकीव गोष्टींवर नव्हे, मोजमापावर व्हावी, यातच इंजिनाचे हित आहे.