पाणी कुठे गेलं?

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. भाची, सीबीएसई, दहावी, तोंड पाडून बसलेली. क्लासच्या चाचणीत हायड्रोक्लोरिक आम्लाचं विचरण लिहिताना तिने बाणाच्या डावीकडे पाणीही लिहिलं, उजवीकडे हायड्रोनिअम आणि क्लोराइड. सरांनी अर्धा मार्क कापला. डावीकडे म्हणे नुसतं आम्ल हवं, उजवीकडे एच प्लस.

"मामा, चुकलं का रे माझं?"

नाही चुकलं. सर चुकले. एनसीईआरटीच्या पुस्तकात हेच समीकरण पाण्यासकट छापलंय!

एच प्लस म्हणजे उघडा प्रोटॉन. तो पाण्यात मोकळा हिंडत नाही, पाण्याच्या रेणूला चिकटतो. शॉर्टकट म्हणून एच प्लस लिहा, हरकत नाही, आम्ही कोडमध्ये दिवसभर तेच करतो. पण पूर्ण लिहिणाऱ्या पोरीचे मार्क कापायचे?

मुळात 'आम्ल आपलं आपण फुटतं' हेच खोटं. वायुरूपातल्या एचसीएलचे आयन ओढून वेगळे करायला मोलमागे सुमारे १४०० किलोज्यूल लागतात. कोण देतं? पाणीच. दोन्ही आयनांना घेरताना जी ऊर्जा बाहेर पडते ती याहून थोडी जास्त भरते, म्हणून तर द्रावण गरम होतं. हाच वायू कोरड्या टोल्युइनमध्ये विरघळवा. वीज वाहत नाही, कोरडा निळा लिटमस निळाच राहतो. आम्ल तेच, पाणी गायब.

आणि तो 'तीव्र' शब्द... आपल्यातले इंजिनिअर झालेले लोकही तीव्र म्हणजे जहाल समजतात. तीव्र म्हणजे पाण्यात जवळपास सगळेच रेणू फुटले, बस्स. ०.१ मोलर एचसीएल असं फुटतं. तेवढ्याच ॲसेटिक आम्लात शंभरातला जेमतेम एखादा रेणू. हायड्रोफ्लोरिक आम्ल या हिशेबाने सौम्य, आणि ते काच खातं! (सौम्य म्हणून हात लावायला जाऊ नका.) उलट एचसीएलला पाण्याऐवजी शुद्ध ॲसेटिक आम्लात टाका, तिथे ते पूर्ण फुटत नाही. म्हणजे तीव्रपणा एकट्या आम्लाचा नाहीच, जोडीचा आहे. पाणी खोडलं की हे सगळंच खोडलं जातं.

भाचीला म्हटलं, पुस्तक घेऊन सरांकडे जा. ताई म्हणाली, "अर्ध्या मार्कासाठी कशाला भांडण?" मी काही बोलायच्या आत पोरीने पुस्तक दप्तरात टाकलंसुद्धा.