प्रयोगाला गुण द्या

कुंभकोणमचे नाव निघाले की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. याच गावच्या टाउन हायस्कुलात श्रीनिवास रामानुजन शिकले. कार यांचा गणिताचा सूत्रसंग्रह हाती पडला आणि पुढची वाट त्यांनी स्वतः काढली. मग विज्ञान शिकवण्याच्या नव्या पद्धतींचे एवढे कौतुक कशाला? हुशार मूल पुस्तकावर शिकते. इतरांचा अभ्यासक्रम मात्र प्रयोगांपायी अपुरा राहतो.

हा पूर्वपक्ष लंगडा आहे. गणिताला पाटी पुरते; विज्ञानात वस्तू हाताळल्याशिवाय भागत नाही. शिवाय 1904 साली शिष्यवृत्ती मिळवून रामानुजन इथल्याच सरकारी महाविद्यालयात गेले आणि इतर विषयांत नापास होऊन ती गमावून बसले. परीक्षेच्या नजरेतून काय निसटते, याचाच हा दाखला. तो पुस्तकी शिक्षणाच्या बाजूने कसा उभा करणार?

दुसरा आक्षेप साधनांचा. सुसज्ज प्रयोगशाळा नाही, स्मार्ट बोर्ड नाही, मग करायचे काय? कुंभकोणमहून काही किलोमीटरवर स्वामीमलै आहे. तिथले स्थपती मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातूचा रस ओततात. धातू किती घ्यायचा? मेणाची घनता पाण्याहून किंचित कमी, काशाची पाण्याच्या पावणेनऊपटीच्या आसपास; म्हणजे भरीव मूर्तीत किलोभर मेणाच्या जागी सुमारे नऊ किलो धातू. नववीच्या वर्गाला मेणाचा गोळा, तराजू आणि मोजपात्र द्या. मेण पाण्यावर तरंगते. त्याचे घनफळ मोजायचे कसे? इथे मुले भांडतील, चुकतील, टाचणीने गोळा पाण्याखाली दाबतील. घनता, प्लवन आणि द्रवणांक एका धाग्यात येतील. यात अभ्यासक्रम मागे कुठे पडला?

‘असली थेरं आपल्या परंपरेत नाहीत,’ असेही कोणी म्हणेल. शेजारच्या तंजावरात सरफोजीराजे दुसरे यांनी दोनशे वर्षांपूर्वी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकातून जगाचा भूगोल गाण्यांत मांडला होता. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983पासून हातकामातून विज्ञान शिकवले आणि हातकामाचा विषय माध्यमिक शाळांत पोचवला. होशंगाबादचा प्रयोगनिष्ठ विज्ञान कार्यक्रम 1972पासून तीस वर्षे चालला. त्यात मुले परीक्षेलाही पुस्तक उघडून बसत आणि प्रयोग करून दाखवत. 2002 साली सरकारने तो थांबवला खरा. पण सरकारी आदेशाने उपक्रम बंद पडतो, पद्धत खोटी ठरत नाही.

खरी अडचण वेळेची किंवा पैशाची नाही, गुणपत्रिकेची आहे. ज्याला गुण नाहीत ते शिक्षक शिकवत नाहीत आणि पालक शिकवू देत नाहीत. तेव्हा बोर्डाने व्याख्या पाठ म्हणवून घेणे आवरावे. तरंगत्या मेणाचे घनफळ कसे मोजाल, असा प्रश्न विचारावा आणि निम्मे गुण रीतीला द्यावेत. अशी प्रश्नपत्रिका एकदा निघाली, की मोजपात्रे कपाटाबाहेर यायला वेगळे परिपत्रक काढावे लागणार नाही.