गावाला संघ नाही, मग टाळ्या कुणासाठी?

एप्रिल-मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी नांदेडच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर उभे राहावे. आयपीएलचा सामना चालू असतो. एक टोळके मुंबईच्या बाजूने ओरडत असते, दुसरे हैदराबादच्या बाजूने, आणि धोनीच्या नावाचा पिवळा टी-शर्ट घातलेले दोघे-तिघे हमखास असतातच. लातूरच्या गंजगोलाईत गेले तरी हेच दृश्य. फरक इतकाच की तिथे हैदराबादवाले थोडे कमी आणि मुंबईवाले थोडे जास्त. आपला संघ हरला की पोरांना जेवण जात नाही, मित्रामित्रांत चार दिवस अबोला राहतो. एवढे सगळे होते. पण या भांडणात नांदेड कुठे आहे? लातूर कुठे आहे? दोन्ही शहरांचे नाव कोणत्याच टी-शर्टावर नाही.

क्रिकेटच्या आयपीएलमध्ये नाही, प्रो कबड्डीत नाही, हॉकीच्या लीगमध्ये नाही आणि बास्केटबॉलमध्ये तर नाहीच नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर असे सहा संघ मैदानात उतरले. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याच्या वाट्याला एक संघ आला. नांदेड-लातूरच्या पोराने काय करावे? त्याने निष्ठा उसनी आणली.

ही उसनी निष्ठा कुठून येते, हेही पाहण्यासारखे आहे. नांदेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्र होऊन साठ वर्षे उलटली, तरी आजही नांदेडचा रेल्वे विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा म्हणजे सिकंदराबादचा आहे. दवाखान्याला हैदराबाद, कपड्याला हैदराबाद, मग क्रिकेटला हैदराबाद झाले तर नवल नाही. लातूरकर मात्र रात्री गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईला उतरतो. त्याचा भाऊ, मेहुणा मुंबईला नाहीतर पुण्याला कामाला असतो. म्हणून त्याचा संघ मुंबईचा. थोडक्यात काय, तर आपण जिला रक्ताची निष्ठा समजतो ती पुष्कळदा रेल्वेच्या रुळावरून आलेली असते.

यात गुन्हा काहीच नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने दोन घटका सामना पाहावा, ओरडावे, आनंद घ्यावा. पण चळवळीच्या माणसाला प्रश्न विचारण्याची सवय बाबासाहेबांनी लावली आहे. आपण ज्याला ‘आपला संघ’ म्हणतो त्याच्या लेखी आपण कोण आहोत, हा प्रश्न विचारायलाच हवा.

संघ येतात, संघ जातात

पहिली गोष्ट म्हणजे हे संघ कुठल्याही शहराचे नसतात, मालकाचे असतात. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सने २००९ मध्ये आयपीएल जिंकली आणि २०१२ मध्ये तो संघच मोडीत निघाला. पुणे वॉरियर्स २०११ ला आला, २०१३ ला गेला. मग २०१६ मध्ये पुण्याच्या नावाने दुसरा संघ आला. २०१७ ची अंतिम लढत तो मुंबईकडून एका धावेने हरला आणि त्यानंतर दिसलाच नाही. ज्यांनी त्या एका धावेसाठी डोळ्यांत पाणी आणले त्यांना कुणी विचारले नाही.

हॉकीचे तेच. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. मुंबईचा एक संघ आला, तो जाऊन दुसरा आला, आणि २०१७ नंतर लीगच बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत हैदराबाद होते. महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. म्हणजे हॉकीत आता फक्त नांदेड पोरके नाही, सारा महाराष्ट्रच पोरका झाला.

बास्केटबॉलची कहाणी तर आपल्याला अधिक लागणारी आहे. २०१५ मध्ये यूबीए नावाची व्यावसायिक लीग निघाली. महाराष्ट्राचे दोन संघ होते. एक मुंबई चॅलेंजर्स आणि दुसरा, नाव ऐका, पुणे पेशवाज! ज्या पेशवाईत आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, तिच्या नावाने संघ. नांदेडच्या भीमनगरातला उंचापुरा पोरगा बास्केटबॉल पाहायला बसला असता तर त्याने कोणत्या तोंडाने ‘पेशवे, पेशवे’ म्हणून आरोळी दिली असती? दरवर्षी १ जानेवारीला कोरेगावला जाणाऱ्या त्याच्या बापाला काय वाटले असते? नाव ठेवणाऱ्यांनी आमचा अपमान करायचा म्हणून ते ठेवले असेल असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे त्याहून गंभीर आहे. नाव ठरवताना, प्रेक्षकांत आपणही बसलेले असू, हे त्यांच्या मनातच आले नसावे. २०१७ नंतर ती लीगही बंद पडली. नावाचा सल मात्र राहिला.

तहान लातूरची, हिरवळ दुसऱ्याची

लातूरकरांनी २०१६ सालचा एप्रिल विसरू नये. नळाला पाणी नव्हते. टाक्यांभोवती गर्दी होते म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे त्या ‘जलदूत’ने शंभराहून अधिक फेऱ्या केल्या. आणि त्याच आठवड्यात मुंबई-पुण्याच्या मैदानांवर आयपीएलसाठी हिरवळ भिजवली जात होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ एप्रिलला न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांचे मुक्काम विशाखापट्टणमला हलले, अंतिम सामना बेंगळुरूला गेला.

तेव्हा कित्येकांनी नाके मुरडली. सामने हलवून लातूरला थेंबभर तरी पाणी मिळणार आहे काय, असे विचारले. हिशेबाने ते बरोबरही असेल. पण प्रश्न थेंबांचा नव्हता. घागर घेऊन रात्र काढणारा लातूरकर ज्या मुंबईसाठी टाळ्या वाजवत होता, त्या मुंबईच्या संघाला लातूरची आठवण व्हायला न्यायालय लागले, हा खरा मुद्दा होता. एकतर्फी निष्ठा म्हणतात ती हीच.

बाळूंचा चहा आणि बाबासाहेबांचा विवेक

आपल्या समाजाला ही एकतर्फी निष्ठा नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा धर्मवार संघांचे क्रिकेट सामने होत. त्या हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज कोण? पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला माणूस. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता तो गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक झेलत असे. पण चहाच्या वेळी बाळू बाहेर उभा आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यात. संघाला त्याचे बळी हवे होते, तो पंगतीला नको होता. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. पुढे १९२३ मध्ये ते त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाले, तेही मोठ्या वादानंतर.

तरुण बाबासाहेबांना या बाळूंचा अभिमान होता. त्यांच्या सत्काराच्या कामात बाबासाहेब पुढे होते, असे क्रिकेटचे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले तेव्हा बाबासाहेबांनी त्यांचा पराभव केला. यातला विवेक समजून घ्या. खेळाडूच्या गुणांचा गौरव करायचा. पण तो ज्या झेंड्याखाली उभा आहे त्या झेंड्याला डोळे झाकून मुजरा करायचा नाही. खेळाडूवरचे प्रेम आणि संघावरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आपल्याला तिथेच मिळतो.

कुणी म्हणेल, हे जुने झाले. तर मग २०२१ चे टोकियो ऑलिंपिक घ्या. वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॉकीत अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून भारत हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर काही लोकांनी फटाके फोडले, जातीवरून शिव्या दिल्या, संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो असे सुनावले. संघ जिंकला की ‘आपली पोर’, हरला की तिची जात! ज्यांची निष्ठा इतकी पातळ त्यांनी आम्हाला निष्ठा शिकवू नये.

मग आपले काय?

मग काय, सामने पाहणे बंद करायचे? मुळीच नाही. पण थोडी मान वळवून आपल्या गावाकडेही पाहायचे.

नांदेडला हॉकीचा व्यावसायिक संघ नसेल. पण हॉकी आहे. गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने सुवर्ण व रौप्य चषकाची अखिल भारतीय स्पर्धा इथे कित्येक दशके भरते आहे. देशाच्या दूरदूरच्या भागांतून संघ येतात आणि नांदेडकर चांगल्या खेळाला टाळ्या देतात, मग तो कुणाचाही असो. कुणा मालकाने विकत न घेतलेली ही परंपरा आहे. तिथे आपली किती पोरे जातात? आपल्या वस्तीतल्या किती पोरांच्या हातात कुणी स्टिक दिली?

लातूरने तर राज्याला ‘लातूर पॅटर्न’ दिला. दहावी-बारावीच्या गुणांची कीर्ती सर्वत्र झाली. पण क्लासच्या वेळापत्रकात खेळाचा तास कुठे आहे? ज्या जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा महाराष्ट्र केसरी दिला, तिथल्या पोरांना नववीनंतर मैदान दिसत नाही. आपल्या समाजाने शिक्षणाचा मंत्र घेतला तो योग्यच घेतला. परंतु शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे आपल्या किती पालकांना माहीत आहे? ज्यांना माहीत आहे ते आपल्या मुलांना वेळेवर मैदानात उतरवतात. आपली मुले तोवर दुसऱ्याच्या संघासाठी घसा कोरडा करत बसतात.

आणि ज्यांनी मराठवाड्याचे नाव केले त्यांना आपण ओळखतो का? मुखेड तालुक्यातली भाग्यश्री जाधव. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलसोबत भारताचा तिरंगा घेऊन चालली ती. गोळाफेकीत टोकियोत सातवी आली होती, पॅरिसला पाचवी आली. चहाच्या टपरीवर मुंबईच्या अकराही खेळाडूंची नावे धडाधडा सांगणाऱ्या पोराला हे एक नाव विचारून पाहा. उत्तर आले नाही तर दोष त्याचा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष मोजला. मैदानांचा अनुशेष कोण मोजणार? तालुका क्रीडा संकुलाची योजना कागदावर आहे. आपल्या तालुक्यात ते संकुल उभे आहे की नुसता फलक उभा आहे, तिथे प्रशिक्षक आहे की कुलूप आहे, वस्तीतल्या मुलींना तिथे जाता येते का, हे विचारणे आपले काम आहे. सामाजिक न्यायाच्या वसतिगृहात शिकणाऱ्या मुलांना खेळाचे साहित्य मिळते का, हेही विचारावे. आणि सरकारकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या भिंती उभ्या राहतात. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढला तर वस्तीत एक बास्केटबॉलचा खांब उभा राहील, दहा हॉकी स्टिक येतील, एका मुलीचा स्पर्धेचा प्रवासखर्च निघेल.

नांदेड-लातूरच्या नावाचा संघ कधी निघेल की नाही, ते एखाद्या मालकाच्या हिशेबावर ठरेल. त्याची वाट पाहत बसू नये. मैदान मात्र आपल्या मागणीवर आणि आपल्या वर्गणीवर ठरेल. मुंबई जिंको की हैदराबाद, जरूर टाळ्या वाजवा. पण त्या टाळ्या वाजवून झाल्यावर हात रिकामे राहतात. त्या हातांत चेंडू द्यायचा आहे.